पांढरपेशा

माझी नि त्याची ओळख रक्तदाबाच्या गोळीने करून दिली. औषधाच्या पाकिटामागचा मजकूर वाचायची खोड वयाबरोबर लागते. वर औषधाचं नाव, मग मिलिग्रॅम, आणि तळाला मुंगीच्या अक्षरांत ‘रंग : टायटॅनियम डायऑक्साइड’. गोळी तर पांढरीशुभ्र. मग रंग कुठला? तर हाच. पांढरेपणासाठीसुद्धा कुणीतरी कामावर ठेवलेला असतो, हे मला साठीत कळलं.

एकदा ओळख झाली की माणूस जिथेतिथे दिसू लागतो, तसा तो दिसायला लागला. भिंतीच्या रंगात तो, टूथपेस्टमध्ये तो, च्युइंगमच्या कवचात तो, केकवरच्या आइसिंगमध्येही तो. खाण्याच्या वेष्टनावर पुष्कळदा नाव सांगत नाही, नुसता १७१ असा बिल्ला लावतो. कपडे कायम परीटघडीचे. ना चव, ना वास, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्याकडे पांढरपेशा म्हणतात तो हाच असावा.

कुळी मात्र काळी. रत्नागिरीला एक पांढरा समुद्र आहे आणि एक काळा समुद्र. त्या किनाऱ्यावरच्या काळ्या, वजनदार वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज असतं. लोखंड आणि टायटॅनियम यांचा एकत्र संसार. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर ही वाळू मुबलक आहे. गंधकाच्या आम्लात विरघळवून लोखंड बाजूला काढायचं, उरलेलं भट्टीत भाजायचं, की हे पांढरे गृहस्थ बाहेर येतात. १७९१ साली इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला असल्याच काळ्या वाळूत टायटॅनियमचा पहिला माग लागला. पुढे विसाव्या शतकात या पांढऱ्या गृहस्थांनी विषारी पांढऱ्या शिशाला रंगाच्या डब्यातून हुसकावलं. ते पुण्यकर्म, आणि ते मी नाकारणार नाही.

स्वभाव म्हणाल तर कशातच मिसळायचं नाही. पाण्यात विरघळत नाही. आपल्या जठरातलं आम्ल भल्याभल्यांना रडवतं, याच्या इस्त्रीला सुरकुतीही पडत नाही. याच अलिप्तपणावर याला चारित्र्याचा दाखला मिळाला. अमेरिकेने १९६६ साली खाण्यात वजनाच्या एक टक्क्यापर्यंत मुभा दिली. १९६९ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्नतज्ज्ञ समितीने, रोज किती खावा याची मर्यादा घालायची गरजच नाही असं ठरवलं. पशुखाद्याचे संशोधक तर याच्यावर इतके विसंबून, की डुकराला, कोंबडीला चारा किती पचतो हे मोजायला खाद्यात याला मिसळायचे आणि विष्ठेत याचं प्रमाण तपासायचे. जेवढा आत गेला तेवढा बाहेर आला, हे गृहीतच. कारकुनाने हिशेबाला बसवावा असा माणूस.

घोटाळा झाला तो गोतावळ्यामुळे.

पांढरं दिसायला त्याचा कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचा लागतो, म्हणजे प्रकाशलहरीच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्या अंगाचा कण उजेड चोहीकडे उधळून लावतो आणि आपल्याला शुभ्र दिसतं. पण कारखान्यातून सगळे एकाच मापाचे येत नाहीत. मोठ्यांच्या बोटाला धरून पोरंटोरंही येतात, १०० नॅनोमीटरच्या आतली. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या पोरांचं वैशिष्ट्य असं की ती पांढरेपणाच्या फारशी उपयोगाची नाहीत. कण इतका बारीक झाला की प्रकाश त्याला जुमानत नाही, तो पारदर्शक होत जातो. म्हणून तर उन्हाच्या क्रीममध्ये या धाकट्यांना मुद्दाम बोलावतात. मिठाईच्या कवचात त्यांना आमंत्रण नव्हतं. पंगतीला मात्र बसली.

आणि आपण वर्षानुवर्षं तराजू घेऊन बसलो होतो. २०० नॅनोमीटरचा एक कण फोडून २० नॅनोमीटरचे केले तर हजार होतात. वजन तेच, डोकी हजार, आणि अंगाचं क्षेत्रफळ एकूण दहापट. किराणा वजनावर घ्यावा, पण पंगतीला पानंच मोजावी लागतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तशी मोजदाद मांडली, तेव्हा या १७१ मधले निम्म्यापर्यंत कण नॅनो असू शकतात असं निघालं. मिलिग्रॅमच्या कागदावर हे सगळे अदृश्य होते.

मग चौकशी सुरू झाली, आणि चौकशीतच खरी करमणूक आहे. एखादा पदार्थ जनुकांना इजा करतो का हे पाहायची एक जुनी, स्वस्त चाचणी जिवाणूंवर करतात. नॅनोकणांसाठी ती कुचकामी, कारण जिवाणूच्या भिंतीतून कण आत शिरतच नाही. चोर घरात शिरलाच नाही आणि घरमालकाची साक्ष काढून म्हणायचं, सज्जन आहे. म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशी घ्यायच्या, कण खरोखर आत पोचला हे सूक्ष्मदर्शकातून दाखवायचं, मग निकाल बोलायचा. दुसरी अडचण, हे गृहस्थ पाण्यात पडले की घोळका करतात. घोळका फोडायला ध्वनिलहरींनी हलवावं तर म्हणणार, पोटात कोण असं हलवतं? अन्नात कालवावं तर प्रथिनं अंगावर पांघरूण घालतात आणि वागणूक बदलते. १९७९ साली अमेरिकेत उंदरांच्या खाद्यात पाच टक्क्यांपर्यंत घालून दोन वर्षं पाहिलं, कॅन्सर आढळला नाही. २०१७ साली फ्रान्समध्ये उंदरांना शंभर दिवस पाण्यातून पाजलं, तर काहींच्या आतड्यात कॅन्सरपूर्व म्हणाव्यात अशा खुणा दिसल्या. दोन्ही बाजूंचे वकील तयारच होते.

आणि तो कारकुनी हिशेबही पुरता खरा नव्हता. बहुतेक सगळा बाहेर पडतो, यात वाद नाही. पण माणसाच्या आतड्यातल्या लसीकेच्या पुंजक्यांत पेशींनी गिळून ठेवलेला टायटॅनियम गेल्या शतकातच दिसला होता. आत जातो थोडा, पण जो जातो तो जायचं नाव घेत नाही. जावई गेल्यावर कळावं की त्याने एक खोलीच दाबली आहे, तसं.

फ्रान्सने १ जानेवारी २०२० पासून याला ताटावरून उठवलं. मे २०२१ मध्ये युरोपच्या प्राधिकरणाने सांगितलं, जनुकांना इजा होत नाही असं खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून सुरक्षित मर्यादाही सांगता येत नाही. नोव्हेंबरमध्ये युरोपने पशुखाद्यातली परवानगी नाकारली, जानेवारी २०२२ मध्ये माणसांच्या खाण्यातली काढली. कोंबड्यांचा नंबर आधी लागला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी तेच पुरावे वाचून बंदी घालण्याजोगं काही नाही म्हटलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२३ मध्ये जुनाच दाखला पुन्हा दिला. पुरावा एक, निकाल दोन. फौजदारी कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. युरोपने तो खाणाऱ्याला दिला, इतकाच काय तो फरक. मला विचाराल तर नुसत्या दिसण्यापायी नेमलेल्या माणसाला संशयाचा फायदा कशाला द्यायचा? मिठाचा खडा न व्हावा म्हणून राबणारी सिलिका निदान काहीतरी काम करते. हा तर फक्त शुभ्र दिसतो.

आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली नॅनो शेती-निविष्ठा, खाद्यपदार्थ आणि पशुखाद्य कसं पारखायचं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जे मुद्दाम नॅनो म्हणून बनवून आणतात त्यांच्यासाठी हे ठीकच. हा मात्र जुना भाडेकरू. नॅनो हे नाव निघायच्या आधीपासून राहतो.

औषधांत युरोपनेही त्याला ठेवलंय. गोळीला उजेडापासून जपणारा, तितकाच गुणी बदली माणूस लगेच मिळेना, आणि औषधांचा तुटवडा नको, असा विचार झाला.

परवा डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. सुरीने मोडली तेव्हा पहिल्यांदाच आतली बाजू पाहिली. मळकट, पिवळट, आणि कडेला केसाएवढी शुभ्र रेघ. बशीत थोडा पांढरा चुरा पडला होता. मी बशी झटकायला उठलो, तर ही म्हणाली, ‘‘अहो, टाकू नका, औषध आहे ते.’’

बोट फिरवलं आणि चाटून टाकला.