आफ्रिकेला वळसा

मुंबईच्या इंदिरा डॉकचं लॉकगेट 100 फूट रुंद, म्हणजे साडेतीस मीटर. आमचं जहाज 28 मीटरांच्या थोडं वर. दोन्ही अंगांना उरतं ते मीटरभर पाणी. सप्टेंबर 2023 मधली हरतालिका होती. पुढे एक टग, मागे एक टग, ब्रिजवर पायलट आणि नाकाडावर बोसनचाचांच्या शेजारी मी, हातात वॉकीटॉकी. काम एकच: भिंत आणि जहाज यांमधलं अंतर मोजून मोठ्याने सांगत राहायचं. 1914 साली सुरू झालेल्या त्या गोदीची दगडी भिंत हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून सरकत होती. लालबागला आमच्या चाळीत त्या वेळी मखर सजत असणार. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती.

प्राँग्जचं दीपगृह मागे पडलं, अंधारात खांदेरीचा दिवा दिसला आणि पायलट दोराच्या शिडीवरून आपल्या बोटीत उतरून गेला. माझं परदेशातलं शिक्षण तिथून सुरू झालं. वर्ग जहाजावर, वर्गमित्र एकच, तो इंजिन कॅडेट.

शाळा म्हणून जहाज, ही गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. 1927 पासून 1972 पर्यंत माझगावच्या पाण्यात ‘डफरिन’ नावाचं प्रशिक्षण जहाज नांगरून होतं. स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख, अ‍ॅडमिरल कटारी, त्याच्या पहिल्या तुकडीतले. आजोबा गिरणीत होते. पाळी नसली की माझगावला फिरायला जायचे आणि पांढऱ्या गणवेशातली मुलं होडीतून येता-जाताना बघायचे. ‘डफरिन’नंतर ‘राजेंद्र’ आलं, आणि 1993 पासून ती परंपरा नेरूळजवळ करावे इथे ‘चाणक्य’ या नावाने जमिनीवर चालते. मी तिथे एक वर्ष शिकले. त्यापुढचे 18 महिने समुद्रावरच काढावे लागतात, तेव्हा कुठे सेकंड मेटच्या परीक्षेला बसता येतं.

हे 18 महिने मिळवणं हेच खरं अवघड. वर्ग पार पडला, शेरे चांगले मिळाले, तरी जहाजावर कॅडेटची जागा मिळेपर्यंत मुलं-मुली वर्ष वर्ष थांबतात, आणि त्या हताशपणावर डोळा ठेवून दलाल लाखांनी पैसे मागतात. वास्तविक परवानाधारक कंपनीला उमेदवाराकडून नोकरीसाठी एक रुपयाही घेता येत नाही, आणि परवानाधारकांची यादी नौवहन महासंचालनालय जाहीर करतं. तरीही कर्ज काढून पैसे भरणारी घरं मला ठाऊक आहेत. मला जागा मिळाली, पण माझ्याबरोबरच्या किती जणी अजून थांबल्या आहेत, ही बोच जहाजावरही गेली नाही.

बॅलास्टवर, म्हणजे मालाऐवजी समुद्राचं पाणी भरून, आम्ही नैर्ऋत्येला दरबनकडे निघालो. चतुर्थीला मेसमध्ये गणपतीची तसबीर मांडली. गोव्याच्या चीफ कुकने नारळ किसून मोदकांचा घाट घातला आणि आईने दिलेला लालबागचा मसाला उसळीत पडला. आरतीला कप्तान आले, इंजिन रूमचे लोक बॉयलर सूटमध्येच आले. कोणी मल्याळी, कोणी बंगाली, कोणी पंजाबी, पण टाळ्यांचा ठेका सगळ्यांना येत होता.

माझी वॉच चीफ ऑफिसरांबरोबर पहाटे चार ते आठ. त्यानंतर नाश्ता, मग डेकवर बोसनचाचांच्या हाताखाली. चाचा दाभोळचे, घरात तीन पिढ्यांची खलाशीगिरी. जहाज मुंबईला आलं तेव्हा मालाचे पाचही होल्ड स्टीलच्या कॉइलने व्यापलेले होते. ते रिकामे झाले, पण तळाशी लाकडाचे ढलपे, तुटलेल्या तारा आणि गंजाचा चुरा राहिला. पुढचा माल होता ब्राझीलची कच्ची साखर. साखरेच्या होल्डमध्ये गंजाचा पापुद्राही चालत नाही.

होल्डमध्ये उतरलं की वर आकाशाचा एक चौकोन दिसतो आणि आवाज घुमतो. आधी झाडायचं, बादल्या भरभरून वर ओढायच्या, मग खाऱ्या पाण्याचा फवारा, मग सुटलेला गंज पत्र्याने खरवडायचा, मग गोड्या पाण्याने धुवायचं. जहाजावर गोडं पाणी मोजून वापरतात, त्यामुळे फवारा कुठे आणि किती वेळ मारायचा हे चाचा बोटाने दाखवायचे. शेवटी कोपऱ्यांतल्या बिल्जच्या विहिरी हाताने रित्या करून, सुकवून, त्यांच्या जाळीवर गोणपाट बांधायचं, म्हणजे साखर आत जाणार नाही पण पाणी झिरपेल. चाचा म्हणाले, “पोरी, वरून बघून होल्ड साफ दिसतोच. हात फिरव, मग बोल.” मी फ्रेमच्या मागच्या बाजूने हात फिरवला. बोटं तांबूस झाली. तो कोपरा पुन्हा झाला. चीफ ऑफिसरांनी मालवाहतुकीचे नियम मला पुस्तकातून शिकवले, पण माल म्हणजे काय ते मी चाचांकडून शिकले, आणि हे मी तोंडी परीक्षेच्या टेबलावरही सांगेन.

दुपारी बारा वाजता सेकंड ऑफिसर मला ब्रिजच्या पंखावर बोलवत. हातात सेक्स्टंट. आरशातून सूर्य खाली आणून क्षितिजावर टेकवायचा, यंत्र किंचित डुलवत त्याची खालची कड पाण्याला नेमकी शिवते का ते बघायचं. सूर्य अजून चढत असेल तर कड आणि पाणी यांच्यात पुन्हा फट पडते, पुन्हा स्क्रू फिरवायचा. फट पडायची थांबली की मध्यान्ह. ती उंची 90 अंशांतून वजा करायची, त्या दिवशीची सूर्याची क्रांती धरायची आणि अक्षांश मिळतो.

विषुववृत्त ओलांडलं ते नेमकं 23 सप्टेंबरच्या सुमारास, सूर्यही विषुववृत्तावर असताना. सूर्य जवळजवळ डोक्यावर. सकाळभर पूर्वेला असलेला तो काही मिनिटांत पश्चिमेला जातो, आणि तोंड कुठे करून उभं राहायचं तेच कळत नाही. डेकवर माझी सावली पायांखाली नाहीशी झाली होती. मी विचारलं, “सर, जीपीएस समोर असताना हे रोज कशासाठी?” ते म्हणाले, “समोरचा आकडा बरोबर आहे हे तुला कोण सांगणार?” त्यावर त्यांनी काहीच समजावलं नाही. अल्मनॅक पुढे सरकवला.

दरबनला इंधन घेण्यापुरतं थांबलो. ज्या शहरात गांधीजी 1893 मध्ये उतरले, ते मी रात्री दिव्यांची रांग म्हणून पाहिलं. दर्यावरची नोकरी म्हणजे जगभर भटकंती, असं घरी पाहुण्यांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. पुष्कळ बंदरं अशीच दुरून दिसतात.

दरबनच्या पुढे अगुल्हासचा प्रवाह आपल्याला नैर्ऋत्येकडे ओढून नेतो, जहाज आपोआप वेग घेतं. पण समोरून वादळी वारा आला तर प्रवाह आणि लाट एकमेकांवर आदळून उभ्या भिंतीसारख्या लाटा उठतात. आम्हाला एक रात्र तशी लागली. रिकामं जहाज नाक वर करायचं, क्षणभर थांबायचं आणि मग सगळा सांगाडा थरथरत खाली बसायचा. त्या रात्री मला झोप लागली नाही, उलट्या झाल्या आणि पहाटे चारला वॉचवर गेले. चीफ ऑफिसरांनी माझ्याकडून टक्कर टाळण्याच्या नियमांतला क्रमांक 5 म्हणून घेतला: नजर आणि कान, दोन्हींनी सतत पहारा. मग म्हणाले, बाहेर बघ. सकाळी अल्बट्रॉस दिसला, पंख न हलवता लाटांच्या घळीतून वर येणारा. आफ्रिकेचं दक्षिण टोक म्हणजे केप ऑफ गुड होप, असं आपण धरून चालतो. खरं टोक आहे अगुल्हास, 34 अंश 50 मिनिटं दक्षिण. नकाशावर तो बिंदू ओलांडताना मी पेन्सिलीने वेळ लिहिली.

ब्राझीलमधल्या सांतोसला साखरेसाठी जहाजांची लांब रांग होती आणि वर पाऊस. पावसात साखर भरत नाहीत. थेंब पडला की हॅच बंद. सर्व्हेअर होल्डमध्ये उतरले, त्यांनीही फ्रेमच्या मागे हात फिरवला आणि सही केली. चाचांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. नांगरावरचे दिवस अभ्यासात गेले. जहाज धक्क्याला लागल्यावर काही तासांची सुट्टी मिळाली. चाचांना पेलेचं मैदान बघायचं होतं, म्हणून विला बेल्मिरोपर्यंत गेलो आणि बाहेरूनच पाहून आलो. मला 1922 साली उघडलेल्या कॉफी एक्स्चेंजच्या इमारतीत जायचं होतं. आता तिथे संग्रहालय आहे. लिलावाची, गोल मांडलेली लाकडी खुर्च्या-टेबलं तशीच आहेत. तिथे बसून कॉफीचे दलाल दूरच्या बागांमधल्या माणसांचं वर्षाचं उत्पन्न ठरवत असतील, या विचाराने मला आजोबांची गिरणी आठवली. कापसाचे भाव ठरवणारेही तिच्या साच्यांपासून दूर बसायचे.

साखर भरून आम्ही अटलांटिक चढत जिब्राल्टरला आलो. नोव्हेंबरात ‘गॅलक्सी लीडर’ हे जहाज येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ताब्यात घेतल्याची बातमी आली होती. आमची साखर जेद्दाला जायची होती, म्हणजे सुएझमधून खाली, पण बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीच्या बरंच अलीकडे. मेसमध्ये बोलणं कमी झालं. प्रत्येकाच्या घरून तोच प्रश्न येत होता. आईला मी नकाशाचा फोटो पाठवला आणि जेद्दापाशी बोट दाखवलं.

पोर्ट सैदजवळ येताना एका पहाटे जीपीएसवरचं आमचं स्थान अचानक जमिनीवर गेलं. आजूबाजूच्या जहाजांचंही तसंच. गाझातल्या युद्धामुळे त्या भागात सिग्नलमध्ये ढवळाढवळ चालली होती. चीफ ऑफिसरांनी मला रडारवरून किनाऱ्याची अंतरं घ्यायला सांगितली. तीन अंतरं, तीन कंस, मध्ये एक लहानसा त्रिकोण. आमचं जहाज त्या त्रिकोणात होतं. विषुववृत्तावरच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

193 किलोमीटरचा सुएझ कालवा पार होईपर्यंत मी ब्रिजवर बेल बुक लिहीत होते: इंजिनाचा प्रत्येक हुकूम, मिनिटासकट. दोन्ही बाजूंना वाळू, अधूनमधून हिरवा पट्टा, इस्माइलियाला पायलट बदलला. 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सहा दिवस अडकलं ती जागा सेकंड ऑफिसरांनी दाखवली. त्या जहाजावरचे सगळे 25 खलाशी भारतीय होते. जगाच्या व्यापाराला त्या सहा दिवसांत किती फटका बसला हे सगळ्यांनी वाचलं. त्या 25 जणांनी नंतर कित्येक आठवडे जहाजावरच अडकून काढले, त्याची आठवण आमच्या व्यवसायातच राहिली आहे.

जेद्दाला साखर उतरत असताना, 15 डिसेंबरपासून मोठ्या कंपन्यांनी तांबड्या समुद्राचा मार्ग थांबवायला सुरुवात केली. कप्तानांनी सेकंड ऑफिसरांना भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या दोन वाटा मांडायला सांगितल्या आणि सेकंड ऑफिसरांनी ते काम मला दिलं. दक्षिणेकडून, बाब-अल-मंदेबमधून मुंबई: अडीच हजार सागरी मैलांच्या आत. उत्तरेकडून, सुएझ, जिब्राल्टर, मग पुन्हा आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून मुंबई: बारा हजारांच्या वर. मी प्रत्येक टप्पा दोनदा मोजला, इंधन आणि दिवस काढले, अगुल्हासच्या प्रवाहाविरुद्ध कमी होणारा वेग धरला. कप्तानांनी कागद वाचला, एक आकडा तपासला आणि कंपनीला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: दक्षिणेला जाऊ नका, रिकामं जहाज परत भूमध्य समुद्रात न्या, तिथे नवा माल शोधत आहोत. मी आईला फोन करून सांगितलं की गुढीपाडव्यापर्यंत घरी येणं अवघड आहे, आणि मग बोसनचाचांबरोबर होल्ड धुवायला उतरले. साखर चिकट असते, तिला गरम पाणी लागतं.