चेहऱ्याचं माप

आमच्या गावच्या घरी पडवीच्या आढ्याला एक भोपळा टांगलेला असायचा. वाळून टणक झालेला, आतून पोकळ, कडू भोपळा. वर्षाचे दहा महिने त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. चैत्राचं ऊन तापलं की आबा तो खाली काढायचे, पुसायचे, बोटाच्या पेराने टकटक वाजवून कुठे चीर गेली आहे का ते ऐकायचे आणि सुंभाच्या दोरीने आम्हा पोरांपैकी एकाच्या पाठीला आवळायचे. मग विहिरीच्या पायऱ्या, खालचं हिरवंगार पाणी आणि पोटात उठलेला गोळा. सगळ्या आळीत धड असा तो एकच भोपळा. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा वरच्या वाड्यात. ज्याच्या पाठीला बांधाल त्याला तो तरंगवायचा. बारीक पोर असो की गुटगुटीत, भोपळ्याला माप नव्हतं.

या भोपळ्याची आठवण मला तीस-पस्तीस वर्षांनी मुंबईतल्या एका दुकानात झाली. भिंतभर मास्क, फिन्स, नळ्या, पट्टे लटकलेले. मी नुकती तारकर्लीहून स्कूबाचं पहिलं शिक्षण घेऊन आले होते. बोटीवरून हात धरून नेतात आणि चार मासे दाखवून वर आणतात, ती पर्यटकांची बुडी नव्हे. स्वतःची हवा स्वतः मोजत, सोबत्याबरोबर 18 मीटरपर्यंत जाण्याची परवानगी देणारा रीतसर अभ्यासक्रम. डोक्यात समुद्राची धुंदी होती आणि पर्समध्ये वर्षभराची साठवण. सगळं घ्यायचं, आजच घ्यायचं, असं ठरवूनच मी आले होते. पण निघताना आमच्या मालवणी शिक्षकांनी सांगितलेलं वाक्य कानात होतं. "आधी मास्क घेवा ताई. बाकीचा मगे. दर्या खंय पळान जाता?"

ते वाक्य त्यांनी उगाच सांगितलं नव्हतं. शिकताना मी भाड्याचा मास्क लावत होते. तो चांगला होता, पण माझा नव्हता. तिसऱ्या बुडीला, पाचेक मीटरवर, नाकाच्या कडेने पाण्याची एक बारीक रेघ आत आली. मास्कमधलं पाणी नाकाने हवा फुंकून कसं काढायचं ते आम्हाला शिकवलेलं होतं. मी ते काढलं. पुन्हा आलं. पुन्हा काढलं. समोर दगडाआडून एक केशरी-पांढरा मासा माझ्याकडे बघत होता आणि माझं सगळं लक्ष नाकाशी साचणाऱ्या चमचाभर पाण्याकडे. त्या दिवशी मला कळलं की समुद्र बघायला जाणाऱ्या माणसाचा पहिला दागिना मास्क आहे, आणि तो मागून आणलेला असेल तर सगळा सोहळा त्याच्यापाशीच अडतो.

लहानपणी विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळं धुरकट दिसायचं. पाणी गढूळ आहे असं वाटायचं. खरं कारण डोळ्यातच असतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा हवेतून येणारा प्रकाश वाकवतो आणि त्यामुळे आपल्याला रेखीव दिसतं. पाण्यातून आलेला प्रकाश तिथे जवळजवळ वाकतच नाही, कारण तो पडदा आणि पाणी यांचा स्वभाव फार सारखा आहे. तेव्हा पाण्याखाली बघायचं तर डोळ्यांपुढे ओंजळभर हवा धरून न्यावी लागते. मास्क म्हणजे ती ओंजळ. या ओंजळीतून वस्तू असतात त्यापेक्षा पावपट जवळ आणि तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात. नवशिका हात पुढे करतो आणि खडक हाताला लागत नाही, तो यामुळे.

मास्कमध्ये नाकही झाकलेलं असतं. तलावात पोहण्याचा चष्मा समुद्राखाली चालत नाही तो याचसाठी. खाली जाऊ तसा दाब वाढतो, डोळ्यांपुढची ती हवा आक्रसते आणि मास्क चेहऱ्याला ओढून धरू लागतो. तेव्हा नाकाने हलकेच थोडी हवा आत सोडायची, की ओढ सुटते. नाक बाहेर राहिलं तर ही सोय नाही.

दुकानातल्या बाईंनी मला आरशापुढे उभं केलं. "पट्टा मागे टाका. नुसता चेहऱ्यावर टेकवा. नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा." एवढीच परीक्षा. मास्क चेहऱ्याला धरून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही देखणा असो, तुमचा नाही. पहिला पडला. दुसरा क्षणभर राहिला आणि डाव्या गालाकडून सुटला. तिसरा सगळ्यांत महाग, निळ्या काठाचा, माझ्या मनात भरलेला. तोही पडला. एकदा कपाळावरची बट आत अडकली होती. एका केसाच्या वाटेनेही पाणी आत येतं, असं बाई म्हणाल्या. मिशीवाल्यांना म्हणूनच जरा जास्त शोधाशोध करावी लागते. सातवा मास्क साधा काळा होता, मऊ सिलिकॉनचा. श्वास घेतला, हात सोडला, आणि तो राहिला. मी मान हलवली, खाली वाकले, तरी राहिला.

आरशात मला माझी गालफडं दिसली. ती आईची आहेत, रुंद आणि वर आलेली. नाकाचं मूळ आबांचं, बसकं. पन्नाशीकडे झुकलेला हा चेहरा मी आजवर पावडर-कुंकवापुरताच पाहिला होता. त्याचा कुठला भाग उंच, कुठला खोल, हे एका रबरी कडेने मला दाखवून दिलं. माझ्या दोन्ही डोळ्यांना साडेतीनचा चष्मा आहे. दोन वेगळ्या काचांचा मास्क असला की त्यात नंबराच्या काचा बसवता येतात. त्या बसवून घेतल्या. घरी येऊन काचांच्या आतल्या बाजूला टूथपेस्ट चोळून त्यांच्यावर कारखान्यातून राहिलेला पातळ थर काढला, नाहीतर नवी काच पाण्यात धुक्याने भरून जाते. प्रत्येक बुडीआधी आत थुंकी फिरवून विसळायची, हाही त्यातलाच संस्कार. आपल्याच तोंडचं पाणी आपली नजर स्वच्छ ठेवतं, हे मला फार आवडलं.

मास्कनंतर पाय. उघड्या टाचेच्या फिन्स घ्यायच्या तर आधी बूट घ्यावा आणि बूट घालूनच फिन बघावी. मालवणच्या किनाऱ्याला खडक आहे, कालवांची धारदार कवचं आहेत, बूट हवाच. बोटीवरून उबदार पाण्यात उडी घेणाऱ्याला पूर्ण पायाच्या, चपलेसारख्या फिन्सही पुरतात. लांबलचक, ताठ पात्यांच्या मोहात नवशिक्याने पडू नये. गुडघे आणि पोटऱ्या थकतात आणि थकलेला माणूस हवा भराभर पितो.

मग अंगावरचा सूट. आपल्याकडचं पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, तरी पाऊण तासात माणूस कुडकुडतो. हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. तीन मिलिमीटरचा सूट आपल्या किनाऱ्याला पुरे. तो पाण्याला अडवत नाही. थोडं पाणी आत घेतो, अंगाशी धरून ठेवतो आणि आपल्याच उबेने ते कोमट होतं. म्हणून सूट ढगळ नको. आत पाणी खेळत राहिलं तर ऊब वाहून जाते.

चेहरा, पाय आणि अंग यांना टेकणाऱ्या या वस्तू. त्या आपल्या असाव्यात, कारण त्यांना आपलं माप लागतं. यापुढच्या वस्तूंना समुद्राचं माप लागतं आणि ते नवशिक्याला ठाऊक नसतं. त्या मी घेतल्या नाहीत. दुकानातल्या बाईंनीही आग्रह केला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

रेग्युलेटरपुढे मात्र मी बराच वेळ उभी राहिले. सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने कोंडलेली हवा असते. ती तशीच तोंडात आली तर फुप्फुसं फाटतील. रेग्युलेटर तिला दोन टप्प्यांत शांत करतो आणि माणूस ज्या खोलीवर आहे तिथल्या पाण्याच्या दाबाइतकीच करून, मागेल तेव्हाच आणि मागेल तेवढीच तोंडात देतो. 1943 मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो या नौदल अधिकाऱ्याने आणि एमिल गान्यां या अभियंत्याने तो घडवला. युद्धाचे दिवस, पेट्रोल मिळेना, गाड्या गॅसवर चालवायच्या म्हणून गान्यांने एक झडप तयार केली होती. त्याच झडपेतून माणसाच्या श्वासाची ही झडप निघाली. टंचाईने माणसाला पाण्याखालची वाट दाखवली.

रेग्युलेटरला आणखी एक नळी असते, लांब, पिवळ्या मुखाची. ती आपल्यासाठी नसते. सोबत्याची हवा संपली तर त्याच्या तोंडात द्यायची म्हणून ती सतत छातीशी बाळगायची. माणसाने स्वतःसाठी म्हणून विकत घेतलेल्या किती वस्तूंमध्ये दुसऱ्याच्या श्वासाची सोय आधीपासून करून ठेवलेली असते? मला तरी ही एकच ठाऊक आहे. रेग्युलेटर दरवर्षी जाणत्या माणसाकडून उघडून, तपासून घ्यावा लागतो. आपल्या गावाजवळ तो कोण तपासेल, हे कळल्याशिवाय तो घेऊ नये. वर्षात आठ-दहा बुड्या मारणाऱ्याने चांगल्या केंद्राचा भाड्याने घ्यावा, पण पाण्यात उतरण्याआधी स्वतः दोन-चार श्वास घेऊन, दाबमापकाच्या काट्याकडे बघत तपासावा. श्वास घेताना काटा थरथरला तर उतरू नये.

आणि हवेने फुगणारं, हवा सोडून आक्रसणारं ते जाकीट, बीसीडी. हा आमचा भोपळा. पण भोपळा फक्त तरंगवायचा आणि हे जाकीट मधे ठेवतं, ना वर, ना खाली. ती कला शिकायला माझ्या दहाबारा बुड्या गेल्या. शिसाचे तुकडे किती बांधायचे याचाही अंदाज तेव्हाच येतो. मला आधी वाटायचं हवेला काय वजन असणार. भरलेल्या नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ अडीच किलो हवा असते. ती आपण पितो, सिलिंडर हलका होतो आणि बुडीच्या शेवटी वर ओढू लागतो. म्हणून शिसं सुरुवातीच्या नव्हे, शेवटच्या घडीच्या हिशेबाने बांधायचं असतं. आपण घेतलेल्या श्वासांना वजन होतं, हे मला पाण्याखाली समजलं.

पुढच्या वर्षी मी मनगटावरचा डाइव्ह काँप्युटर घेतला. खोली, वेळ आणि अंगात मुरलेला नायट्रोजन यांचा तो हिशेब ठेवतो, सावकाश वर या म्हणून बजावतो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवतो. हा हिशेब ज्याचा त्याचा असतो, म्हणून ही वस्तूही स्वतःचीच असावी. सोबत एक छोटी सुरी घेतली, जाळं कापायची. मालवणचा समुद्र आधी रापण ओढणाऱ्या मच्छीमारांचा आणि होडीवाल्यांचा आहे. तुटून तळाशी राहिलेली जाळी पाय धरतात. सोबतच्या शिकाऊ मुलाने खडकावर अडकलेलं असं जाळं आणि त्यातला जिवंत खेकडा सोडवला, तेव्हा त्या सुरीचे पैसे फिटले.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही बुड्या मारतो. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी भर समुद्रातल्या खडकावर त्याची बांधणी सुरू केली. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. बोट किनाऱ्याला लागली की शिक्षक आम्हाला गोड्या पाण्याच्या टाकीपाशी नेतात. मीठ राहिलं की रबर चिरतं, झडपा अडकतात. प्रत्येक वस्तू गोड्या पाण्यात बुडवायची, हळुवार हलवायची, सावलीत वाळवायची. बायका देवाची भांडी घासतात तशा मन लावून आम्ही ती धुतो. खाऱ्या पाण्यातून आलेल्याला शेवटी गोडं पाणी लागतंच.

गेल्या मे महिन्यात गावी गेले होते. आता आढ्याला भोपळा नाही, आबाही नाहीत. माझी पिशवी उघडून धाकट्या भावाच्या मुलाने मास्क काढला. "आत्या, मी लावू?" मी त्याला पट्टा मागे टाकायला सांगितला. त्याने मास्क चेहऱ्याला टेकवला, नाकाने श्वास घेतला, हात सोडला. मास्क ओंजळीत पडला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा पडला. त्याचं नाक त्याच्या आईसारखं आहे, धारदार.

"लहान आहे का हा?"

"लहान नाही रे. माझा आहे," मी म्हटलं. "तुझा आपण शोधू. पण आधी विहिरीला चल."

आळीत भोपळा कुणाकडे उरलाय का, ते विचारायला तो अनवाणीच पळाला.