विकणे आहे

'विकणे आहे' हा मराठी व्याकरणातला मोठा गमतीचा प्रयोग. वाक्यात कर्ता नाही. कोण विकतंय, का विकतंय, मनातून विकायचंय की नाही, काही कळत नाही. छोट्या जाहिरातीत शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून कर्त्यालाच काढून टाकला असावा, असं मी वर्गात मुलांना गमतीनं सांगत असे.

दहावीला मराठीत जाहिरात लेखन असतं. मुलं उत्साहानं लिहायची. 'त्वरा करा! संधी दवडू नका! आकर्षक, टिकाऊ, सुबक!' परीक्षेत त्याला गुण मिळतात आणि मिळावेतही, कारण तिथं भाषेचा सराव बघायचा असतो. वस्तू खरी नसते, घेणारा खरा नसतो, देणाराही नसतो. खरी वस्तू समोर आली की प्रकरण वेगळं होतं, मंडळी.

ती वेळ माझ्यावर या वर्षी आली. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलंत. बाबांची गाडी विकायची आहे, जाहिरात तुम्हीच लिहून द्या."

गाडी साधीसुधी नाही. सॅन स्टॉर्म! पुष्कळांनी नावही ऐकलं नसेल. १९९८ साली आपल्या शेजारच्या गोव्यात ही गाडी तयार होऊ लागली. दोन माणसांची, बुटकी, छत उघडता येणारी, फायबरग्लासच्या बॉडीची. इंजिन फ्रान्सच्या रेनॉचं, ११४९ सीसी. तेव्हा आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे सिनेमात बघायची गोष्ट. गाड्या मोजक्याच खपल्या आणि पुढे उत्पादन थांबलं. तशी मोटारींची आणि सोलापूरची ओळख जुनीच. प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद याच गावात १८८२ साली जन्मले. पण त्यांच्या कारखान्याची पद्मिनी ही सहकुटुंब सहपरिवार बसायची गाडी. दादाची ही मात्र दोघांचीच.

दादाचं चादरींचं दुकान. २००८ साली गोव्याहून त्यानं ही गाडी आणली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. दर मंगळवारी पहाटे तो आणि वहिनी छत उघडून तुळजापूरला जायचे. आता दादाला जाऊन दोन वर्षं झाली. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. उभी गाडी सुखात असते असं आपल्याला वाटतं, पण तिची बॅटरी बसते, टायर कडक होतात, रबरी नळ्यांना चिरा जातात. शिवाय नातीच्या कॉलेजची फी भरायची आहे. तेव्हा विकायचं ठरलं.

पुतण्यानं स्वतः एक मसुदा करून आणला होता. 'टिपटॉप कंडिशन, शोरूमसारखी, एकदा पाहाल तर प्रेमात पडाल.' मला जुन्या लग्नाच्या जाहिराती आठवल्या. गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष! दहा जाहिराती वाचा, दहाही मुली तशाच. विशेषण सगळ्यांना फुकट मिळतं, म्हणून ते कुणाबद्दलच काही सांगत नाही.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली नेमका याच गोष्टीवर एक लेख लिहिला. तिकडे बोलीत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणजे लिंबू. (आपण गाडी खराब होऊ नये म्हणून लिंबू बांधतो, ते वेगळं!) त्याचं म्हणणं असं की जुन्या गाडीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीवर संशय धरून किंमत पाडतो. त्या पडलेल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात लिंबंच उरतात. या विचाराबद्दल २००१ साली त्याला नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर.

म्हणजे आपली गाडी चांगली असेल, तर घेणाऱ्याचा संशय दूर करणं हेच जाहिरातीचं काम. ते 'टिपटॉप'नं होत नाही. 'चार टायरपैकी दोन बदलायला झाले आहेत' या वाक्यानं होतं! जो टायरबद्दल खरं सांगतो, तो इंजिनाबद्दलही खरं सांगत असेल, असं माणसाला वाटतं. १९६० साली फोक्सवॅगननं तर स्वतःच्या नव्या गाडीच्या फोटोखाली 'लेमन' एवढा एकच मोठा शब्द छापला होता. खाली मजकूर होता की हातखणाच्या पट्टीवर डाग निघाला म्हणून तपासनिसानं ही गाडी नाकारली. एवढ्याशा डागाला नाकारतात म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसणारच.

हे सगळं मी घरी सांगितलं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या लेकराचं उणं आपणच चारचौघांत सांगायचं का?"

डाव्या दाराखाली बॉडीला एक तडा आहे. दादानंच एकदा फाटकाला घासली होती, नंतर फायबरनं बुजवून रंग दिला. वहिनींना तो तडा लिहायला नको होता. गाडीचा भाव पडेल म्हणून नव्हे. तो दादाचा तडा होता, म्हणून.

मी म्हटलं, "वहिनी, घेणारा बोट फिरवून तो शोधणारच. त्यानं शोधला तर तो दोष ठरेल. आपण सांगितला तर ती दादाची गोष्ट राहील." त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी जुनी बिलं ठेवलेली पत्र्याची पेटी काढून दिली. दादानं २००८ पासूनची एकेक पावती तारखेवार लावली होती. अशा गाडीला ठरलेला बाजारभाव नसतो, तिचा भाव त्या पेटीत होता.

कागदाचीही बाजू सांगतो, कारण पुष्कळ घरांत हा प्रसंग येतो. मालक वारला असेल तर गाडी आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते. मग विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. घेणारा राज्यातलाच असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, परराज्यातला असेल तर मुदत ४५ दिवसांची आणि वर ना-हरकत. नाव बदलेल सावकाश, म्हणून सोडून देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच किल्ली. गाडी चालवून बघायला द्यायची तर शेजारी आपण बसायचं. या गाडीत तिसऱ्याला जागाच नाही, तेवढी सोय आहे!

तर शेवटी लिहिलेली जाहिरात अशी:

'सॅन स्टॉर्म, २००१, पेट्रोल. चाल ४१,३०० किमी. गोव्याहून आणून एमएच १३ नोंदणी. दोन मालकांनंतर आता वारसाच्या नावावर. नोंदणीचे नूतनीकरण झालेले, विमा व पीयूसी चालू, एचएसआरपी पाटी बसवलेली. इंजिन पहिल्या किल्लीत सुरू होते. २००८ पासूनच्या सर्व पावत्या आहेत. दोष: दोन टायर व बॅटरी बदलणे आवश्यक. डाव्या दाराखाली तडा, बुजवलेला, फोटो सोबत. छताचे कापड एका जागी विरलेले. सुटे भाग सहज मिळत नाहीत. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, जुन्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. विकण्याचे कारण: मालक वारले, घरात चालवणारे कोणी नाही. किंमत ३,२५,००० रु., थोडी बोलणी होतील. पाहण्याची वेळ सकाळी ८ ते १०.'

इथेनॉलचं वाक्य वाचून पुतण्या हसला. आपल्याच जिल्ह्यात एवढा ऊस, एवढे साखर कारखाने, आणि इथेनॉलची सूचना आपणच द्यायची!

'प्रेमात पडाल' हे शब्द यात कुठे नाहीत. पण 'सर्व पावत्या आहेत' यात ते आलं असं मला वाटतं. इतकी वर्षं पावत्या जपणाऱ्या माणसानं आणखी काय जपलं असेल, हे वाचणाऱ्याला कळतं. ज्याला कळत नाही, त्याला गाडी द्यायचीही नाही, असं वहिनींनी ठरवलंय.

वाचून दाखवल्यावर त्यांनी एकच बदल सुचवला. "मंगळवारी कुणाला बोलावू नका."

तेवढं घातलं. कारण विचारलं नाही.