गिल्ट-फ्री लाडू

रील्सवर हल्ली एक शब्द फार दिसतो, ‘गिल्ट-फ्री’. गिल्ट-फ्री ब्राउनी, गिल्ट-फ्री शिरा, परवा तर गिल्ट-फ्री गुलाबजामसुद्धा पाहिले. करणारी बहुतेक वेळा कोणाची तरी आई असते. ती साखरेची बरणी बाजूला सारते, गुळाचा डबा पुढे ओढते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. मी या रील्स बघते, सेव्ह करते, एखादा रविवार गाठून त्यातलं काही करतेही. पण त्या शब्दाशी दरवेळी अडखळते. लाडवातून काढलेला गिल्ट जातो कुठे?

‘अपराधी वाटतं’ असं आपण लिहितो, बोलत नाही. आमच्याकडच्या बायका म्हणतात, ‘जिवाला लागून राहतं.’ मला हे जास्त खरं वाटतं. त्यात कोणी गुन्हा केलेला नसतो. नुसतं लागून राहिलेलं असतं.

मी मंचरला राहते आणि नारायणगावला एका पतसंस्थेत नोकरी करते. एरवी सातपर्यंत घरी पोहोचते, मार्चअखेरीला नऊ वाजतात. लेक सहा वर्षांची आहे, दिवसभर सासूबाईंकडे असते. मी पोहोचते तेव्हा क्रीमरोल किंवा बेकरीतली खारी पोटात गेलेली असते. त्यात सासूबाईंची काही चूक नाही, पोर मागते आणि आजी देते. पण त्या रिकाम्या कागदाकडे पाहिलं की मला काहीतरी होतं आणि मग रविवारी मी कढईत नाचणीचं पीठ भाजायला घेते. नवरा दिवसभर बाहेरच असतो, त्याला क्रीमरोलचा कागद दिसला तर तो तो उचलून कचऱ्यात टाकतो. बस, एवढंच.

बरं, आमचं घर तसं साखरेचंच. आंबेगावात भीमाशंकर आणि जुन्नरात विघ्नहर, असे शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत दोन सहकारी साखर कारखाने. सासऱ्यांचा ऊस जातो, ते सभासद आहेत, त्यामुळे दिवाळीआधी सवलतीतली साखर घरात येते. पाहुणा आला की चहात दोन चमचे जास्त, हा आमच्याकडचा मान. अशा घरात ‘मी साखर आणत नाही’ म्हणणं म्हणजे जवळजवळ सासऱ्यांच्या उसालाच नावं ठेवणं.

आणि नाचणीचं तर सासूबाईंना हसूच येतं. ‘आम्ही नाचणीची भाकरी खायचो ते कोणाला सांगत नव्हतो गं. तू तिचे लाडू करून फोटो काढतीस!’

त्यांच्या हसण्यामागे आमच्या तालुक्याची सगळी गोष्ट आहे. घोड नदीवर डिंभे धरण झालं, कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते आंबेगाव त्याच पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. धरणाच्या वर, भीमाशंकरच्या बाजूला, उतारावरच्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर नाचणी आणि वरई. धरणाच्या खाली कालव्याच्या पाण्यावर ऊस. पाऊस वरच्यांच्या डोंगरात पडतो आणि साखर खालच्यांच्या घरात येते. नाचणी म्हणजे वरच्यांचं, गरिबाचं खाणं. मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि तीच नाचणी चकचकीत पाकिटात बसून ‘सुपरफूड’ झाली. वरच्या बायकांच्या पाठी त्यामुळे कितपत सरळ झाल्या हे विचारायला कोणतं रील थांबत नाही. मीही पीठ भाजताना विचारत नाही, पीठ करपतं.

आता हिशेब. पतसंस्थेत बसून मला ती सवयच आहे. पाव किलो नाचणीचं पीठ, दीडशे ग्रॅम गूळ, अर्धी वाटी तूप, वेलची. त्यात १६ लाडू होतात. म्हणजे लाडवामागे नऊ-साडेनऊ ग्रॅम गूळ. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे लाडवातून पन्नासेक मिलीग्रॅम मिळतं. हे चांगलंच आहे, क्रीमरोलमध्ये तेवढं कुठून येणार! पण गुळाचं काय? १०० ग्रॅम साखरेत कॅलरी ४०० च्या जवळपास, गुळात ३८० च्या जवळपास. गुळाला रंग आहे, वास आहे, थोडीफार खनिजं आहेत. बाकी सगळी साखरच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मी मोबाइलवर वाचल्या. वरून घातलेली साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत ठेवलीत तर आणखी बरं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. ‘वरून घातलेली’ म्हणजे कोणाची, तर कारखानदाराने घातलेली, खाणाऱ्याने घातलेली आणि स्वयंपाक करणाऱ्याने घातलेली. मधसुद्धा त्यात धरलाय. हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं. प्रेमाने घातलेली साखर वेगळ्या खात्यात टाकायची सोय त्यांनी ठेवलेलीच नाही.

म्हणजे माझे दोन लाडू आणि दोन कप चहा, एवढ्यात माझा दिवसाचा कोटा संपला. लेकीचा कोटा तर माझ्याहून लहान.

मी ‘माझा’ म्हणतेय, त्याला कारण आहे. लेकीच्या वेळी गरोदरपणात माझी शुगर वाढली होती. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला की तुम्ही त्या यादीत. मी आले. पथ्य पाळलं, बाळ व्यवस्थित झालं. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सगळं जागेवर आलं होतं. पण अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून दरवर्षी तपासत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी ऐकू आलं ते एवढंच, ‘शुगर गेली.’

बाळंतपणात माझी आई ओतूरहून लाडू घेऊन आली. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे. आपल्याकडे बाईसाठी, फक्त तिच्यासाठी गोड करायची ही एकच वेळ. एरवी पुरणपोळी सणासाठी, शिरा पूजेसाठी, करंज्या लेकरांसाठी. सव्वा महिना मात्र डिंक, खारीक, खोबरं, अळीव हे सगळं हिच्या अंगाला लागावं म्हणून. आईने डबा उघडला आणि लाडू मला काळपट, बारके दिसले. म्हणाली, ‘गूळ कमी घातलाय, मेथी वाढवलीय. कडू लागंल, पण खा.’

कडूच होते. मी खाल्ले. आई समोर बसून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत तेच होतं, जिवाला लागून राहिलेलं. आजोबांना शुगर होती, मामाला आहे, माझ्या लग्नाच्या वर्षी आईलाही निघाली. ‘माझ्याकडनंच आलं गं हे तुला,’ ती म्हणाली. मी काय बोलणार? रक्तातून काय काय येतं त्यावर तिचा काय इलाज होता? पण तिने खारीक कुटताना, मेथी तुपात भिजवताना ते सगळं त्यात मळलं होतं. रील्सवाल्या बायका पुढच्या पिढीत आल्या. लाडवातून आधी आपल्या आयांचा गिल्ट वळला गेला होता.

तो डबा संपला आणि नंतरचा प्रत्येक डबा लेकीचा झाला. बरणीवर मी तिच्या नावाची चिठ्ठीसुद्धा लावली होती. रात्री भांडी आवरून, सगळे झोपल्यावर, ओट्यापाशी उभ्याने मी त्यातला एक खायची. फ्रिजचा आवाज तेवढा असायचा. लेकराच्या वाटणीचं खातोय असं वाटायचं आणि पोटात वर्षाच्या तपासणीची भीती असायची, एका लाडवावर दोन-दोन वजनं.

यंदा मी दोन बरण्या केल्या आहेत. एकीत लेकीचे, रोज एक. दुसरीत माझे, आईच्या मापाचे, बारके, गूळ निम्मा आणि मेथीची पूड. चार वाजता पतसंस्थेत चहा येतो, तो मी बिनसाखरेचा घेते आणि खुर्चीत बसून त्याबरोबर एक लाडू खाते. सोबतच्या मुलीने एकदा चाखला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, ‘ताई, हे कसं खाता?’ सासूबाईंनी मात्र न विचारता दोन उचलले. मग म्हणाल्या, ‘माझ्या आईचे असेच लागायचे.’ त्या आईबद्दल याआधी मी त्यांच्या तोंडून काहीच ऐकलं नव्हतं. त्या दिवशी अर्धा तास ऐकलं.

लेकीचे क्रीमरोल आठवड्यातून दोनवर आलेत, बंद झालेले नाहीत. मार्चअखेर उरकली की माझी तपासणी आहे, उपाशीपोटीची. आईचा ओतूरहून दर दोन दिवसांनी फोन असतो, तारीख ठरली का म्हणून. मेथी भाजून ठेवलीय म्हणते, कोणी इकडे येणारं असलं की पाठवते.