काटा, बिब्बा आणि मेडिकलमधल्या चार गोळ्या

नवरात्र तोंडावर आलंय. पहिल्या माळेपासून आपल्या भिंगारमधून पाथर्डी रस्त्यानं मोहटादेवीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागेल. बरेच जण अनवाणी. काही जण तर नऊ दिवस चप्पलच घालत नाहीत. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते पायांबद्दल.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या अण्णांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. घरीच सुईनं टोकरून काढला, वर बिब्ब्याचा चटका दिला. तिसऱ्या दिवशी पाऊल लाल, गरम आणि टम्म. मी म्हटलं, "अण्णा, दवाखान्यात चला." तर म्हणाले, "अरे, काट्यानं काय होतंय? मेडिकलमधून गोळ्या आणल्यात." पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, जांघेत अवधाण आलं, लाली पोटरीपर्यंत चढली. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर. मधुमेह आहे हे अण्णांना त्या दिवशी कळलं. पाय वाचला, पण करंगळी काढावी लागली.

जुनी माणसं ज्याला धावरे म्हणतात, त्याला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. त्वचेखालच्या मऊ भागात जंतू पसरतात. हे जंतू बहुतेक वेळा आपल्याच अंगावर, नाकात, घशात राहणारे असतात, स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस. कातडी शाबूत असेल तोवर ते आत शिरत नाहीत. काटा, चप्पल चावलेली जागा, टाचेच्या भेगा, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या, यातली कुठलीही फट त्यांना पुरते. मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असते, रक्तपुरवठा मंदावलेला असतो. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

बिब्ब्याचं म्हणाल तर त्याचं तेल कातडी भाजतं. जंतूंना आणखी एक दार उघडतं. चुना, तंबाखू, राख यांचंही तेच. काटा निघाला की जखम वाहत्या पाण्यात साबणानं धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायची गरज आहे का ते दवाखान्यात विचारा. पहिल्या दिवशी एवढंच करायचं असतं.

आता कधी थांबायचं नाही ते सांगतो. लाली वाढत चालली, ताप आला, किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखम दिसते छोटी पण कळ सहन होत नाही, कातडी काळी-निळी पडली, पाण्याचे फोड आले, दाबलं की आत करकर लागतं, माणूस बडबडायला लागला, तर सकाळची वाट पाहू नका. मांस सडवणारा संसर्ग तासातासाला पसरतो, त्याला तातडीचं ऑपरेशन लागतं. मधुमेह असलेल्यांनी तर पायाच्या साध्या जखमेलाही साधं समजू नये.

उपचार तसे सरळ आहेत. गळू किंवा काळपुळीत पू झाला असेल तर तो डॉक्टरांनी चिरून काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. घरी पिळायचं तर अजिबात नाही. सेल्युलायटिसला योग्य अँटिबायोटिक आणि पाय उशीवर उंच ठेवून विश्रांती. अण्णांच्या पायावर डॉक्टरांनी पेनानं लालीची हद्द आखली होती. पहिल्या दिवशी लाली थोडी पुढे सरकू शकते, पण दोन दिवसांनीही रेघ ओलांडत असेल तर औषध बदलायचं की अजून काही करायचं, हे त्यावरून ठरतं.

आणि आता त्या चार गोळ्या. अण्णांना मिळाली होती सेफिक्झिम. नाव सगळ्यांच्या तोंडी, पण त्वचेतल्या स्टॅफिलोकॉकसवर तिचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय १ मार्च २०१४ पासून ती एच-१ यादीत आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदारानं वेगळ्या वहीत रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव लिहायचं असतं. ती वही कितीशा दुकानांत भरली जाते, हे आपण सगळेच जाणतो.

१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून संसर्ग पसरला होता. माणूस सुधारायला लागला, पण औषधाचा साठा संपला आणि तो गेला. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तो हे औषध गरिबाला मिळावं म्हणून. आज औषध कोपऱ्यावर मिळतं. पण अर्धवट आणि चुकीचं घेऊन जंतूंना आपणच पक्कं करतोय. उद्या साठा असूनही औषध लागू पडणार नाही.

छावणी मंडळाच्या एप्रिल २०२३ मध्ये होणाऱ्या निवडणुका रद्द झाल्या. आपला नागरी भाग कुठे जोडला जाणार, यावर चहाच्या टपरीवर रोज वाद होतात. पाणी, रस्ते, गटारं सगळं निघतं. ड्रेसिंगच्या टेबलाबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून तीन साध्या मागण्या. एक, नवरात्रात पाथर्डी रस्त्यावर जी मंडळं फराळ आणि चहा वाटतात, त्यांनी शेजारी पाय धुवायला साबण-पाणी, मलमपट्टी आणि साखर तपासायला एक माणूस ठेवावा. दोन, दवाखान्यात ड्रेसिंग रविवारीही व्हावं, कारण जखम सुट्टी घेत नाही. तीन, औषध प्रशासनानं एच-१ ची वही नुसती मागावी नाही, उघडून बघावी.

आणि तुम्ही? तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. घटस्थापनेआधी घरातल्या मोठ्यांना घेऊन जा. साखर असेल तर त्यांना हात जोडून सांगा, देवीला चप्पल घालून गेलेलंही चालतं. देवळाच्या पायरीशी काढली की झालं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांपर्यंत ही पोस्ट पोचवा. कुणाला टेबल लावायचं असेल तर मी यायला तयार आहे.