निलगिरीचं तेल

परवा औषधांचा डबा आवरताना निलगिरीच्या तेलाची जुनी बाटली हाती लागली. तळाशी चार थेंब असतील नसतील. फेकायला म्हणून उचलली आणि तशीच हातात धरून बसून राहिले. गेले कित्येक दिवस एका विषयावर लिहायचं मनात होतं, सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. ती या बाटलीने करून दिली म्हणायची.

आपल्या घरातल्या मंडळींना माझे धाकटे दीर आठवत असतीलच. बाकीच्यांसाठी सांगते. भावजी पोलिसात शिपाई होते. अंगाने धिप्पाड, बोलायला मिस्कील, पत्त्यांत पक्के लबाड. सोलापूरच्या आमच्या घरात दिवाळीची भाजणी दळून आणण्यापासून पोरांना खांद्यावर घेऊन गड्ड्याची जत्रा दाखवण्यापर्यंत सगळी कामं त्यांच्याकडे. मी शाळेतून दमून आले की म्हणायचे, "वहिनी, आज किती गाढवांचे घोडे केलेत?"

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. भावजी मिरवणुकीच्या बंदोबस्तावरून उशिरा घरी आले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. फळीवरची भांडी खाली आली, आम्ही सगळे पोराबाळांसकट अंगणात. आमच्याकडे तेवढ्यावरच भागलं. पण किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. त्या भागातली घरं दगडमातीची, रुंद भिंतींची आणि वर मातीचे थर असलेल्या माळवदाची. उन्हाळ्यात थंडगार राहणारी तीच माळवदं माणसांच्या अंगावर कोसळली. सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसं गेली.

भावजींना लगेच तिकडे पाठवलं. सतराव्या दिवशी परत आले. आल्या आल्या न्हाणीघरात गेले ते तासभर बाहेरच येईनात. मी आपली बाहेरून ओरडतेय, "भावजी, पाणी संपलं टाकीतलं!" बाहेर आले तेव्हा हाताची कातडी पांढरी पडली होती.

तिथे काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. वर्तमानपत्रात आम्ही वाचतच होतो की. भर पावसात ढिगारे उपसणं, प्रेतं काढणं, एका चितेवर अनेकांना अग्नी देणं. वर्तमानपत्रात वाचलं म्हणजे कळलं, असं आम्हाला वाटत होतं.

नंतर बऱ्याच गोष्टी झाल्या, त्या तेव्हा एकेकट्या दिसल्या. भावजी अंगणात बाजेवर झोपायला लागले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण त्या दिवसांत अर्धं सोलापूर बाहेरच झोपत होतं. हळूहळू सगळे घरात गेले. भावजी थंडीतही बाहेरच राहिले. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, "पोलीस असून भूकंपाला भितात." ते हसायचे. पत्ते बंद झाले. चिडचिड वाढली. आधी सणासुदीला घ्यायचे ते रोज घ्यायला लागले. गणपती जवळ आले की तोंड उतरायचं आणि विसर्जनाच्या रात्री तर डोळ्याला डोळा लागत नसे. पहाटेचे चार वाजून गेले की मगच पाठ टेकायचे.

एक प्रसंग मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याच वर्षीची डिसेंबरातली गोष्ट. पुतण्या, म्हणजे भावजींचा मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याची छाती भरली होती. जाऊबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि मी छातीला निलगिरीचं तेल चोळत होते. भावजी बाहेरून आले, दारातच थबकले, आणि तसेच मागे फिरून मोरीत भडाभडा ओकले. जाऊबाई म्हणाल्या, "बघा, आता पिऊनच यायला लागले." मलाही तेच वाटलं.

त्याच रात्री मी अंगणात पाणी ठेवायला गेले तेव्हा ते जागेच होते. म्हणाले, "वहिनी, तिकडे आम्ही नाकाला रुमाल बांधायचो. त्यावर निलगिरी टाकायचो. दुसरा इलाज नव्हता." मी उभीच होते. थोड्या वेळाने म्हणाले, "एका घरात एक वही सापडली. लाल शाईने 'छान' लिहिलेलं होतं पानावर. अगदी तुमच्यासारखं अक्षर, वहिनी."

आणि मी काय म्हटलं? "भावजी, रात्रीच्या वेळी नको ते. तुम्ही पुण्याचं काम केलंत. आता त्याचा विचार करू नका, झोपा."

ते "बरं" म्हणाले आणि कुशीवर वळले. पुढे सोळा वर्षं जगले. हा विषय पुन्हा कधीही त्यांच्या तोंडून निघाला नाही. २००९ मध्ये हृदयविकाराने गेले.

मी तीसेक वर्षं मुलांना शिकवलं. एखादं मूल चाचरत बोलायला लागलं तर त्याला मध्येच तोडायचं नाही, हे नव्या शिक्षकांना मी सांगत असे. घरात मात्र एका मोठ्या माणसाचं पहिलं वाक्य मी खोडून टाकलं. वाईट हेतू नव्हता. खरं सांगायचं तर मला ऐकायची भीती वाटली. त्या वहीतलं अक्षर माझ्यासारखं होतं ना!

अशा त्रासाला वैद्यकशास्त्रात नाव आहे हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्येच त्याला आपल्या अधिकृत यादीत जागा दिली होती. आघातानंतरचा ताण-विकार. भयंकर प्रसंगानंतर पहिले काही दिवस झोप न लागणं, तेच ते डोळ्यांसमोर येणं, दचकणं हे कुणालाही होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटला तरी हटत नसेल, कामात आणि नात्यात आडवं येत असेल, तर तो आजार, आणि त्याला उपचार आहेत. वासाने तर माणूस क्षणात परत त्या जागी जाऊन पोचतो. शिवाय ज्यांचं कामच हे आहे, ते पोलीस, अग्निशमनवाले, रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, त्यांच्या वाट्याला असा प्रसंग आयुष्यात एकदाच येत नाही. एक निवळतोय तोवर दुसरा.

किल्लारीनंतर तिथल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास झाला. आपण ज्यांना 'घाशीराम कोतवाल'मधले नाना म्हणून ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांचा त्यात मोठा वाटा होता. ज्यांचं घरदार गेलं त्यांची ही विचारपूस व्हायलाच हवी होती. पण ढिगारा उपसून घरी परतलेल्या माणसालाही काही विचारायचं असतं, हे आमच्या घराला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता पुढचं सांगते.

तोच पुतण्या मोठा होऊन मुंबईकडे एका महापालिकेच्या अग्निशमन दलात लागला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची छोटीशी वाडी. वर जायला गाडीरस्ता नाही, पायवाटेने तास-दीड तासाची चढण, वरून पाऊस. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून टिकाव, फावडी, घमेली घेऊन हातांनी उपसा. चार दिवसांत २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं बेपत्ता असतानाच २३ जुलैला शोध थांबवावा लागला.

पुतण्या त्यात होता. गणपतीच्या आधी चार दिवसांची रजा काढून बायकोसह सोलापूरला आला. दुसऱ्या दिवशी सूनबाई मला हळूच म्हणाली, "काकू, हे रात्री गॅलरीत जाऊन बसतात. मुलीवर कधी ओरडले नव्हते, आता ओरडतात." माझ्या पोटात गोळाच आला. तीस वर्षांपूर्वीची ती बाज दिसली मला.

दुपारी मी तांदूळ निवडायला बसले आणि त्याला म्हटलं, "चष्मा लावूनही खडे दिसत नाहीत रे, बस जरा." तो बसला. बराच वेळ आम्ही दोघं नुसते खडे काढत होतो. मग मी विचारलं, "वर गेला होतास तेव्हाचं काही मनात येतं का रे? सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे."

तो पाच मिनिटं गप्प होता. मीही. आणि मग बोलायला लागला. काय बोलला ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगते की जे सापडले त्यांच्यापेक्षा जे सापडले नाहीत ते त्याला जास्त छळत होते. "आम्ही वरून चालत खाली आलो काकू, आणि ती माणसं आमच्या पायाखाली तशीच राहिली," असं म्हणाला. या वेळी मी "पुण्याचं काम केलंस" म्हटलं नाही. "विसरून जा" म्हटलं नाही. ताटातले तांदूळ तीन-तीनदा निवडून झाले.

मग मी त्याला निलगिरीची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो एकदम म्हणाला, "मी आजारी पडलो की बाबा माझ्याजवळ यायचे नाहीत. मला आयुष्यभर वाटत आलं की त्यांना माझी किळस येते." आणि हा पस्तीस वर्षांचा बाप्या ढसाढसा रडला. बघा, बापाच्या न बोललेल्या गोष्टीचं ओझं मुलगा इतकी वर्षं वाहत होता, आणि गाठ सोडवणारी माहिती माझ्यापाशी पडून होती!

नुसतं माझ्याशी बोलून भागणार नव्हतं हे मला कळत होतं. डॉक्टरकडे जायला तो बिचकत होता. "काकू, दलात कळलं तर म्हणतील याचं डोकं फिरलंय. उद्या शिडीवर माझ्या मागे कोण चढेल?" ही भीती खोटी नाही. त्या कामात सगळा खेळ एकमेकांवरच्या भरवशाचा. मी म्हटलं, "धूर छातीत गेला तर ऑक्सिजन लावतोस ना? तेव्हा लाजतोस का?" शेवटी १४४१६ वर फोन केला. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं. तिथून पुढे मानसोपचारतज्ज्ञ, मग समुपदेशन. सात-आठ महिने लागले. मध्ये एकदा सगळं सोडून देण्यापर्यंत आला होता, सूनबाईने धरून ठेवलं. आज तो कामावर आहे, घरात झोपतो आणि दारूकडे वळला नाही.

त्या निमित्ताने मीही थोडं वाचलं. एक गोष्ट माझ्या समजुतीच्या उलट निघाली. मला वाटायचं, अशा माणसांना दुर्घटनेनंतर लगेच एकत्र बसवून सगळं बोलायला लावावं. अमेरिकेत १९८० च्या दशकात अशी पद्धत निघाली होती आणि खूप पसरली. नंतर नीट तपासलं तेव्हा दिसलं की अशा एका बैठकीने पुढचा आजार टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो. जखमेवरची खपली आपण काढायची नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सार तीन क्रियापदांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. म्हणजे माणसाकडे लक्ष ठेवा, तो बोलेल तेव्हा ऐका, आणि गरज असेल तर योग्य माणसाशी गाठ घालून द्या. यात 'सल्ला द्या' कुठेच नाही, हे मास्तरणीला जरा जड गेलं!

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण ११ सप्टेंबर २००१ ला गेले. त्या दलाकडे स्वतःचा समुपदेशन विभाग होता, तो त्यानंतर पुष्कळ वाढवण्यात आला. आपल्याकडे दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या आठवणीत. गेलेल्यांना मानवंदना द्यायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी रांगेत उभे असलेल्यांकडेही कुणीतरी नीट बघावं. पुतण्याचे एक वरिष्ठ आता मोठ्या कॉलनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येकाला वेगवेगळं चहाला नेतात आणि फक्त विचारतात, "झोप लागते का रे?" तेवढ्यानेही वाट मोकळी होते, असं तो सांगतो.

आपल्या नात्यात, शेजारात असं कुणी असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिलं. त्यांना शूर म्हणा, पण तेवढं म्हणून निघून जाऊ नका.

गेल्या अनंत चतुर्दशीला रात्री पुतण्याचा फोन आला. विसर्जनाच्या घाटावर ड्यूटी होती, उभ्या उभ्या बोलत होता. म्हणाला, "काकू, बाबा आज जागे राहायचे ना? मी आहे जागा, तुम्ही झोपा."

मी काही लगेच झोपले नाही म्हणा. असो. बाटली अजून फेकलेली नाही.