तलावपाळीवरील एक फेरी

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस उतरून बाजारपेठेच्या रस्त्याने निघावे, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत मासुंदा तलाव समोर येतो. ठाणेकर मात्र त्याला क्वचितच या नावाने ओळखतात. त्यांच्या तोंडी नाव आहे ते ‘तलावपाळी’. पाळ म्हणजे पाणी अडविणारा बांध. पाण्याकाठी जिथे माणसे चालतात, बसतात, भेटतात, त्या जागेचेच नाव साऱ्या परिसराला पडले आहे. एकेकाळी या शहरात साठांहून अधिक तलाव होते, असे सांगतात. त्यांपैकी कित्येक काळाच्या ओघात बुजले. मासुंदा मात्र भर वस्तीत टिकून आहे, आणि त्याच्या काठी राहणाऱ्या वृद्धांच्या दिनक्रमात त्याला मानाचे स्थान आहे.

सकाळी येथे यावे. काठावरच कोपिनेश्वराचे मंदिर आहे. मराठ्यांनी साष्टी जिंकून घेतल्यानंतर, अठराव्या शतकात, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. घंटेचा नाद पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत पोहोचतो. देवळाजवळच जांभळी नाक्याची मंडई. झेंडूच्या राशी, ओल्या कोथिंबिरीचा वास, ‘आजी, आज गवार कोवळी आहे हो’ अशी हाक. ज्यांना घरी भाजी आणून देणारे कोणी आहे, त्यांनीही आठवड्यातून एकदा तरी ती आपल्या हाताने निवडावी. भेंडीचे टोक मोडून पाहण्याचा अधिकार माणसाने सहजासहजी सोडू नये.

संध्याकाळचे रूप निराळे. तलावात नौका फिरू लागतात, काठावर चणे-शेंगदाण्याच्या पुड्या बांधल्या जातात, पावसाळ्यात कणीस भाजल्याचा खरपूस वास दरवळतो. एका बाजूस राम गणेश गडकरी रंगायतन उभे आहे. १९७८ साली सुरू झालेल्या या नाट्यगृहाने ठाण्याच्या दोन-तीन पिढ्यांना नाटके दाखविली. तिकीट काढलेले नसले, तरी नाटकाच्या पाट्या वाचत उभे राहण्यात आणि ‘यातली मूळची नटी कोण होती, आठवते का?’ असे विचारण्यात एक वेगळीच मौज असते. अशा प्रश्नाच्या उत्तरातून जुन्या आठवणींना जो उजाळा मिळतो, तो घरातल्या चार भिंतींत मिळणे अवघड.

वाचकहो, पाण्याकाठच्या या साध्या सुखांविषयी लिहिण्याचे कारण आहे. वार्धक्यात माणसाचे जग नकळत आकसत जाते. एकदा पाय घसरतो, किंवा जन्माचा सोबती निघून जातो; मग बाहेर पडणे ‘उद्यावर’ ढकलले जाते. पडण्याच्या भीतीने चालणे कमी होते, न चालल्याने पायांतले बळ ओसरते, आणि बळ ओसरले की पडण्याचा धोका अधिकच वाढतो. हे चक्र मोडायचे, तर केवळ ‘बाबा, चाला’ असे सांगून भागत नाही. चालण्यासाठी मनाला ओढ लागावी लागते. बाकावर वाट पाहणारा मित्र, ओळखीची भाजीवाली, पाण्यावर पडलेले संध्याकाळचे ऊन ही ती ओढ आहे.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. तसेच तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत, असे सांगते. हा आकडा पाहून दडपण घेऊ नये. ज्यांना तेवढे जमत नाही, त्यांनी झेपेल तेवढे करावे, हेही त्याच सूचनेत आहे. पहिल्या दिवशी एका बाकापर्यंत जावे, आठवड्याने दुसऱ्या. हृदयविकार, गुडघ्याचे दुखणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांना विचारूनच अंतर वाढवावे.

आता सोबत जाणाऱ्यांसाठी थोडे. वृद्धांच्या एक पाऊल पुढे चालू नका. शेजारून, त्यांच्याच गतीने चला. पायांत सैल चपला नकोत, मागून बंद असलेली, न घसरणारी पादत्राणे असावीत. बाकावरून उठल्यावर क्षणभर उभे राहू द्यावे. एकदम उठून चालू लागल्यास चक्कर येण्याचा संभव असतो. मधुमेह असल्यास खिशात साखर किंवा गोळी ठेवावी. पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर फेरी टाळावी. कबुतरांना दाणे घालतात त्या ठिकाणी बसू नये. विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. सणावाराच्या दिवशी येथे तरुणाईची अलोट गर्दी उसळते. तेव्हा वेळ बदलावी, पण फेरी चुकवू नये.

आणखी एक गोष्ट. दिवसरात्र शुश्रूषा करणाऱ्या सुनेला, मुलाला किंवा पत्नीलाही हा काठ हवा असतो. सासूबाई बाकावर मैत्रिणींत रमल्या, की तेवढी पंधरा मिनिटे पाण्याकडे पाहत स्वस्थ बसा. औषधांची वेळ, डबा, दूध यांतले काहीही त्या वेळी आठवले नाही, तरी चालेल. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. थकलेले हात फार काळ दुसऱ्याला आधार देऊ शकत नाहीत.

आपण ठाण्यात राहत नसाल. कोल्हापूरकरांना रंकाळा आहे, वाईकरांना कृष्णेचे घाट आहेत, पणजीकरांना मांडवीचा काठ आहे. आपल्या गावी एखादे लहानसे तळे असेल, नाहीतर नदीवरचा जुना पार. आज उन्हे कलली, की घरातल्या ज्येष्ठांना विचारा, ‘जरा पाण्यापर्यंत जाऊन येऊ या का?’ काठी दाराशीच ठेवलेली असेल. ती त्यांच्या हाती द्या, आणि चपला घालायला त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या.